तो एक डाग राहू द्या

"गेला! गेला!"

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एका आवाजात ओरडला. मागच्या रांगेतल्या बायका खुर्च्यांवर चढल्या. एका म्हातारीने शेजारणीला मिठी मारली. दोघींची ओळखदेखील नव्हती. समोरच्या मोठ्या पडद्यावर एका ट्रकचालकाचे दोन फोटो झळकत होते. डावीकडच्या फोटोत तो स्टुलावर बसलेला, अंगाभोवती पांढरी चादर, आणि चादरीवर बरोबर छातीच्या मधोमध वाटाण्याएवढा काळसर डाग. उजवीकडे तोच माणूस, तेच स्टूल, तीच चादर. डाग मात्र नाही.

"डोळा फसतो, मन फसतं, आणि डॉक्टर तर काय, फसायचेच पैसे घेतो!" उजेडकाका माइकवर म्हणाले. लोक पोट धरून हसले. "पण यंत्र? यंत्राला ना भाऊ, ना मेहुणा. ते कुणाची भीड धरतं का?"

"नाही!"

"मी त्याच्या कानात काही सांगितलं का?"

"नाही!"

"मग ते सांगतं ते खरं!"

उजेडकाका दिसायला साधे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. बँकेतून निवृत्त झालेले वाटावेत असे. त्यांचं म्हणणं, कुठलंही दुखणं म्हणजे छातीतला डाग. आणि पद्धत अशी. पहिल्या दिवशी भिंतीसमोर बसवून चार झगझगीत दिव्यांत फोटो काढायचा. "डाग अंधार धरून बसतो, त्याला उजेडानं बाहेर ओढावं लागतं." मग सहा आठवडे रोज सकाळी त्यांच्यासमोर डोळे मिटून बसायचं. सहा आठवड्यांनी दुसरा फोटो; त्या वेळी चारातले तीन दिवे बंद. "आता बाहेरचा उजेड कशाला? आत लागलाय की!" टाळ्या. लहान मूल असलं तर त्याला उंच स्टूल, ताडमाड माणूस असला तर बुटकं. "डागाच्या नजरेला नजर भिडली पाहिजे," म्हणे.

"वहिनी, चिंगीला नीट धर," माझी नणंद उठत म्हणाली. "माझा नंबर आला."

चिंगी माझी मुलगी, तीन वर्षांची. मी कामावर जाते तेव्हा तिला माझी ही नणंदच सांभाळते. चिंगीचं पहिलं वाक्य "आई आली" नव्हतं, "आत्या कुठाय" होतं. बावीस वर्षांची ही पोर पाच महिन्यांपूर्वी खोकता खोकता वाळली. एक्स-रेत डाग दिसला, क्षय निघाला. तिने गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या महिन्यात गालांवर पुन्हा मांस दिसू लागलं. सासूबाई आणि ती सकाळी कुठल्याशा व्याख्यानाला जातात एवढंच मला ठाऊक होतं. आज पहिल्यांदा मला आग्रहाने आणलं होतं. "तू ये तर खरी! डोळ्यांनी बघ."

पडद्यावर तिचा सहा आठवड्यांपूर्वीचा फोटो आला. चादर, छाती, डाग. मी पुढे वाकून निरखून पाहिलं.

तो डाग उजव्या अंगाला किंचित चपटा होता. जणू कुणी नखाने टवका काढावा तसा.

तो टवका मी काढला होता.

मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करते. माझ्या वाट्याला येते ती मुख्यतः सेन्सरची सफाई. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली, उजेड टिपणारी चौकोनी पाटी. तिच्यावर काच असते, आणि त्या काचेवर धुळीचा कण बसला की तो प्रत्येक फोटोत, त्याच जागी, डाग होऊन उमटतो. समोर नवरी असो, डोंगर असो की भिंत.

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी राखाडी जाकिटातला एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता.

"आतून स्वच्छ करायचा आहे. पण मधोमध जो डाग आहे ना, तो एक राहू द्या."

"राहू द्या?"

"हो. बाकीचे काढा. तो आमचा आहे."

मी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "गिऱ्हाईकाची मर्जी. कुणाला मिशा ठेवायच्या असतात, कुणाला डाग."

मी हसले आणि कामाला लागले. भिंगातून पाहिलं तर तो नुसता बसलेला कण नव्हता. कसल्याशा पारदर्शक डिंकात नीट चिकटवलेला होता. विचारायला हवं होतं. पण चिंगीला त्या दिवशी ताप होता, मला लवकर घरी जायचं होतं. सफाईच्या अरुंद पट्टीने मी त्याच्या कडेकडेने पुसत गेले. शेवटच्या हाताला पट्टी जराशी घासली आणि कणाचा उजवा काठ उडाला. गिऱ्हाईकाला ते कळलंही नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आता तो कण माझ्या नणंदेच्या छातीवर बसला होता.

मी हॉलच्या भिंतीकडे वळले. बरे झालेल्यांच्या पहिल्या फोटोंच्या तिथे रांगा होत्या, खाली तारखा. वरच्या तीन रांगांतले डाग गोल. चौथ्या रांगेत त्या मंगळवारची तारीख ओलांडली, की शिंपी, शिक्षिका, दोन जुळे भाऊ, पोस्टमन, साऱ्यांचे डाग उजवीकडून चपटे. साऱ्या गावाच्या दुखण्याचा एकाच दिवशी टवका उडाला होता.

इकडे तीन दिवे विझले. दुसरा फोटो निघाला. "गेला!" हॉल ओरडला. नणंद रडत हसली. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"काका," चिंगीला सासूबाईंच्या मांडीवर देत मी मोठ्याने म्हणाले, "माझाही पहिला फोटो काढा."

"या, बाळ, या!"

चारही दिवे लागले. मी स्टुलावर बसले. कॅमेऱ्यामागे तोच राखाडी जाकीटवाला. त्याने मला ओळखलं. "श्वास धरा," तो म्हणाला, आणि बटण दाबायच्या क्षणी मी खाली वाकून बाजूला झाले.

पडद्यावर रिकामं स्टूल. मागे पांढरी भिंत. आणि भिंतीवर, जिथे माझी छाती असायला हवी होती तिथे, हवेत लटकलेला तो चपटा डाग.

"बघा!" मी म्हणाले. "माणूसच नाही, तरी डाग आहे! हा कुणाच्या छातीतला नाही, कॅमेऱ्यातला आहे. मीच पुसलाय तो कॅमेरा. त्या भिंतीवरचे फोटो बघा, त्या मंगळवारपासून सगळ्यांचे डाग..."

मला वाटलं, झालं. आता उठतील.

उजेडकाका दोन पावलं पुढे आले, अगदी हळू बोलले. "पाहिलंत? बाई उठली, पण डाग उठला नाही. मागेच राहिला! किती मुरलेला असेल!"

"अगं बाई!" पहिल्या रांगेतून आवाज आला. एका आईने आपलं मूल माझ्यापासून लांब ओढलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, परत बस गं पोरी, तुझ्यात तर फारच आहे."

दोघे स्वयंसेवक मला अदबीने दाराकडे घेऊन गेले. कॅमेऱ्याजवळून जाताना जाकीटवाला पुटपुटला, "काम छान केलं होतं हो तुम्ही." चिडवत नव्हता. मनापासून म्हणाला.

घरी चपला काढता काढता सासूबाई उसळल्या, "भर सभेत शोभा केलीस! देवमाणूस म्हणून त्यानं ऐकून घेतलं."

मी नणंदेकडे वळले. "गोळ्या कुठे आहेत?"

तिने खाली पाहिलं.

"अगं, गोळ्या?"

"ते म्हणाले, गोळ्या आणि उजेड एका घरात नांदत नाहीत." तिने कपाटातून चपलांचा खोका काढला. सहा आठवड्यांच्या गोळ्या, एकही पाकीट न फोडलेलं. "मला बरं वाटत होतं, वहिनी. खोकला गेला होता. आणि गोळ्यांनी किती मळमळतं, तुला माहितेय ना?"

"एक्स-रेत डाग होता," सासूबाई म्हणाल्या. "यात गेला. तो पण फोटो, हा पण फोटो. मग तो खरा आणि हा खोटा कसा?"

मी चिडणार होते. पण प्रश्न खोटा नव्हता. त्यांना फोटो आणि एक्स-रे यांतला फरक कुणी कधी सांगितलाच नव्हता. मीही नाही, आणि माझं तर पोट त्यावर चालतं.

"आई, एक्स-रे हाडामांसातून आरपार जातो. हा फक्त तुमच्या लेकीच्या चादरीचा फोटो आहे. उद्या दुपारी दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुकानातला एक जुना कॅमेरा मी घरी आणला. सफाई न झालेला, पोटात भरपूर धूळ. स्वयंपाकघराच्या खिडकीला पांढरी चादर लावली, टेबलावर किटली ठेवली, आणि भिंगातलं उजेडाचं भोक अगदी बारीक करून फोटो काढला.

किटलीच्या पोटावर डाग.

"किटलीलाही क्षय झाला म्हण की!" नणंद म्हणाली आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"माझ्या बाहुलीचा काढ!" चिंगी ओरडली. बाहुलीलाही डाग. चिंगी घाबरली. "आई, ती मरेल?"

"नाही गं राणी. बघ हं." मी भिंगाभोवतीचं कडं फिरवलं, भोक मोठं केलं, पुन्हा फोटो काढला. डाग नाहीसा.

"बाहुली बरी झाली!"

"बरी झाली नाही, आजारीच नव्हती." मग मी सासूबाईंच्या शेजारी बसले. "भोक बारीक असलं की उजेड बारीक धारेनं आत येतो आणि कणाची सावली ठळक पडते. भोक मोठं केलं की उजेड चहूबाजूंनी येतो, सावली पसरून पुसट होते. कण तिथेच असतो. पण बारीक भोकाला उजेड जास्त लागतो, म्हणून चार दिवे. मोठ्या भोकाला एक पुरतो, म्हणून तीन बंद. आणि कण तर हलत नाही, म्हणून माणसाला वरखाली करायचं, स्टूल बदलून."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि ते दिवे आम्ही टाळ्या वाजवून विझवत होतो," त्या हळूच म्हणाल्या.

"आता तो कण कसा काढतात, बघा." मी पंखा बंद केला. बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना ते पाहिलं. मध्येच संपली तर आतला पडदा हातातल्या पट्टीवर मिटतो आणि फाटतो. कॅमेरा सफाईच्या स्थितीत नेला, त्याचं तोंड जमिनीकडे केलं. रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते आणि एका डागाचे दहा होतात. नळकांड्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातला गार फवारा काचेवर जमतो. जे चिकटून राहतं त्यासाठी काचेएवढ्या रुंदीची नवी पट्टी, द्रवाचे दोन थेंब, एका बाजूने एकच हात. पट्टी उलटवून परतीचा एकच हात. आणि पट्टी फेकून द्यायची. पुसलेल्यानं पुन्हा पुसायचं नाही.

"मी मारू?" नणंदेने फुगा मागितला. पहिल्याच दाबाला निम्मी धूळ उडाली. तिने तो हातातच धरून ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "मग माझ्या छातीत आत्ता काय आहे?"

सासूबाई उठल्या, कपाटातून डॉक्टरांची फाइल काढली आणि पायात चपला घातल्या. "चल," त्या लेकीला म्हणाल्या. "सूनबाई, तूही चल. त्यांच्याशी बोलायला मला तोंड नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तपासण्या झाल्या, दिवस गेले, मग त्यांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला. खराखुरा डाग, पहिल्याहून मोठा. "अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, शहाणे होतात," त्या म्हणाल्या. "जुन्या गोळ्यांना आता हे दाद देणार नाहीत. नव्या जड आहेत, आणि बराच काळ घ्याव्या लागतील. एक दिवसही चुकवायचा नाही." चिंगीलाही तपासलं. तिला काही झालेलं नाही. दोन वर्षं मात्र लक्ष ठेवायचं आहे.

हे लिहिते आहे तेव्हा चिंगी झोपली आहे. तिची आत्या आतल्या खोलीत वेगळी राहते. दुपारी दाराच्या काचेपलीकडून ती बाहुलीचा हात हलवते, अलीकडून चिंगी. "आत्याचा डाग कधी जाणार?" चिंगी विचारते. मी कडं फिरवून दाखवू शकत नाही.

उजेडकाका महिनाभराने दुसऱ्या गावी गेले. जाण्याआधी राखाडी जाकीटवाला दुकानात आला. "मागच्यासारखंच. तो एक राहू द्या."

मी पूर्ण रुंदीची पट्टी घेतली, जास्तीचा द्रव टाकून डिंक भिजू दिला, आणि एका हातात काच नितळ केली.

"अगं, गिऱ्हाईकानं काय सांगितलं होतं?" मालक म्हणाले.

"मागच्या वेळी ऐकलं होतं," मी म्हणाले.

फुशारकी मारत नाही. नवा कण चिकटवायला त्याला दोन मिनिटं पुरली असतील. काच मी पुसू शकते. खुर्च्यांवर चढून ओरडणारा हॉल मला पुसता येत नाही. त्या दिवशी दोनशे माणसांनी रिकाम्या स्टुलावर डाग पाहिला. पाहिला, पण कुणी विचारलं नाही, की माणूस नसताना हा आला कुठून. आणि जिने पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, तिला घरी जायची घाई होती.

म्हणून कळकळीने सांगते. तुमच्या आत काय दडलंय ते तुम्हाला कुणी दाखवलं, तर रडण्याआधी, हसण्याआधी, हातातली गोळी टाकण्याआधी एवढंच म्हणा: आधी रिकाम्या स्टुलाचा फोटो काढून दाखवा. आणि दाखवला, की डोळे उघडे ठेवून बघा.