येमेनच्या राजाची रीत

पुस्तकी शहाणपण पाजळायची मला भारी खोड. कळंबच्या पुढच्या आमच्या गावात शिकलेला मास्तर मी एकटाच, त्यामुळे ती खपूनही जायची.

भिवाजी पाटलांना मूलबाळ नव्हतं. दत्तक कुणाचं घ्यायचं यावरून भाऊबंद एकमेकांची तोंडं बघेनासे झाले होते. एका संध्याकाळी पाटलांच्या ओटीवर मी सांगितलं, की अरबस्तानात येमेन म्हणून मुलूख आहे, तिथे फार पूर्वी राजाच्या मागे राजाचा मुलगा बसत नसे. नवा राजा गादीवर आला की सरदारांच्या गरोदर बायकांची यादी करत, त्यांच्यावर पहारा ठेवत, आणि त्यांच्यात जो मुलगा पहिला जन्मेल तो वारस.

पाटील खूश झाले. "हे बेस हाय, मास्तर. मंग माज्याव कुनी बोट ठेवाया नको."

भाऊबंदांत तेव्हा दोघीच गरोदर होत्या. धाकलूची बायको येसू आणि त्याच भावकीत दिलेली माझी सख्खी बहीण इंदू. इंदूला नववा लागलेला, येसूला आठवा. हे मनाशी धरूनच मी ती गोष्ट काढली होती. आता लपवून काय करू? भाचा पाटील व्हावा, ही माझी हाव.

पाटलांनी खरोखरच दोन्ही दारांत एकेक म्हातारी बसवली. पंधरा दिवसांनी सकाळीच बातमी आली की येसूला कळा सुरू झाल्या. ठाकरवाडीची सुईण कोंडी तेव्हा इंदूला बघायला आली होती. ती येसूकडे निघाली, तर इंदूच्या सासूने तिची वाट अडवली आणि कळा आणायचा काढा चुलीवर चढवला.

"पोर अजून खाली उतारलं नाय," कोंडी म्हणाली. "दम धरा."

इंदूने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तूच सांग रं यांना. माजं दिस भरलं नाय."

"घे गं," मी म्हणालो. "एका दिवसाचा तर त्रास."

लहानपणापासून तिला माझं ऐकायची सवय. तिने भांडं दोन्ही हातांनी धरून रिकामं केलं.

दुपारी मुलगा झाला, चांगला रडला. दारातली म्हातारी पाटलांकडे पळाली. पाटील साखर घेऊन आले तेव्हा इंदूचं रक्त थांबत नव्हतं. दिवेलागणीच्या आत ती गेली.

कोंडी तशीच येसूकडे जाऊन आली आणि अंगणात माझ्यासमोर उभी राहिली. "तिच्या कळा खोट्या व्हत्या, मास्तर. सकालीच थांबल्या. मला जाऊ दिलं आसतं तर तवाच येऊन सांगितलं आसतं."

महिन्याने येसूला मुलगी झाली.

इंदूचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. पाटलांच्या घरून शाळेत येतो, पुढच्या ओळीत बसतो. परवा त्याने विचारलं, "मामा, मला कसं निवडलं?" मी त्याला येमेनच्या राजाची गोष्ट सांगितली. ती त्याला फार आवडली.

"आन त्या पोराच्या आईचं काय झालं?"

ते पुस्तकात दिलेलं नाही, असं मी सांगितलं.