सोळा टन

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी ट्रक ड्रायव्हरांवरचा एक सिनेमा लागला, आणि मध्यंतरात मेहुण्याने मला थिएटरच्या पायऱ्यांवर चारचौघांत अडवलं.

“खरं सांगा दादा, गाडी भरलेली होती का?”

मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं एकाच कंपनीत ट्रक चालवायचो. आमचं कधी जमलं नाही. तो सातवी शिकलेला, मी अंगठा उठवणारा. पगाराच्या दिवशी तो मुद्दाम माझ्याकडे शाईचा पॅड सरकवायचा आणि म्हणायचा, “घ्या, करा सही.” सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून जळायचो.

त्या सिनेमात एक प्रसंग होता. डिझेल संपत आलेलं असतं, आणि हिरो इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून अख्खा उतार उतरतो. ती गाडी मी चालवली होती. हिरोचं जाकीट घालून, पाठमोरा. पडद्यावर दिसत होते ते हात आणि ती मान माझी.

पायऱ्यांवर आमच्या कंपनीचे नऊ-दहा ड्रायव्हर होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“भरलेली,” मी म्हणालो. “सोळा टन.”

“फेकू नका. इंजिन बंद करून सोळा टन?”

“लागते छाती. तुमचं ते काम नाही.”

गाडी रिकामी होती. हौद्यात लाकडी सांगाडा उभा करून वर ताडपत्री बांधली होती, लांबून माल वाटावा म्हणून. उतार तर सायकलवाल्यानेही हात सोडून उतरावा असा. कॅमेरा तिरका धरून त्यांनी तो उभा करून दाखवला. खाली वाळूचा ढीग होता. मी सगळं मिळून तीनदा ब्रेक दाबला. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि इंजिन बंद असलं की हवेच्या टाकीत नवी हवा भरत नाही. जेवढी शिल्लक असेल तेवढेच ब्रेक. हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. पण पडद्यावर एकाला जमलेलं बघितलं, आणि तो एक घरातलाच निघाला, की माणूस स्वतःला माहीत असलेलंही विसरतो.

बुधवारी सकाळी बहीण आली. पायातल्या चपला न काढता दारातच उभी राहिली.

“दादा, यांनी पैज लावलीय. उद्या सिमेंट घेऊन जातायत, आणि मोठा उतार इंजिन बंद करून उतरणार म्हणतात. तुझी गाडी रिकामी होती ना? एवढं फक्त सांग त्यांना.”

“त्याला विचार ना, सातवी शिकलाय.”

“तुमच्या भांडणाशी मला काही देणंघेणं नाही. रिकामी होती की भरलेली?”

आत माझी बायको भांडी घासत होती. तिचा हात थांबला. तिलाही मी सोळा टनच सांगितलं होतं.

“भरलेली,” मी म्हणालो. “आणि कुणाच्या नवऱ्याची पैज मोडायला मी बसलो नाहीये.”

बहीण मान खाली घालून जिना उतरली.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी कंपनीच्या आवारात गेलो, ते सांगायलाच गेलो होतो. गाडी भरून झाली होती. हमाल दोर आवळत होते, मेहुणा लाकडी दांड्याने टायर ठोकून बघत होता. मी जवळ गेलो.

“जरा ऐका. त्या उताराचं—”

“अरे, या या, कलाकार!” तो मोठ्याने म्हणाला. “जाकीट कुठंय? का भाड्याचं होतं, परत केलं?”

हमाल हसले. कारकून खिडकीतून डोकावून हसला.

दोन शब्दांचं काम होतं. ‘गाडी रिकामी होती.’ चार लोक आणखी हसले असते, आठवडाभर चिडवलं असतं, झालं असतं.

“इंडिकेटर चालत नाहीये मागचा,” मी म्हणालो आणि वळलो. इंडिकेटर व्यवस्थित चालत होता.

दुपारी कंपनीतून माणूस आला. बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा दारात शेजारीपाजारी जमले होते. मला बघून त्यांनी वाट दिली. बहीण भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

“आता सांग,” ती म्हणाली.

“रिकामी होती.”

“सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.”

मी सांगितलं. ती उठली, हाताने बाहेरची वाट दाखवली आणि मी उंबऱ्याबाहेर पडताच आतून कडी घातली. लोक माझ्याबरोबर बाहेरच राहिले.

अपघाताच्या तपासणीचा कागद कंपनीने काचेच्या फळ्यावर लावला होता. कारकून दुसऱ्यांना वाचून दाखवायचा आणि मी गेलो की गप्प बसायचा. पुढे छप्पन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. तोवर कागद पिवळा पडून फायलीत गेला होता. मागून घेतला आणि बोट ठेवत स्वतः वाचला. ‘इंजिन बंद. गिअर न्यूट्रलमध्ये. हवेच्या टाक्या रिकाम्या. चूक चालकाची.’ चार ओळींना मला अर्धा तास लागला. शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. चालक कोणता, ते लिहिलेलं नव्हतं.

बहिणीला मी पत्रं लिहिली, एकूण सात. सातही न फोडता परत आली.

मेहुणा सतरा नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास वारला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. बहीण त्यानंतर सव्वीस वर्षं जगली आणि गेल्या मार्चच्या नऊ तारखेला गेली. तिच्या मुलीने मला चौथ्या दिवशी कळवलं.