चाळीस जणांचा नमुना

मी क्रिस्टीना, मिरजगावजवळच्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळा कशा सुधारतील यावर पीएच.डी. करतेय, आणि माझा पारा लवकर चढतो हे गावाला माहीत आहे. पालकसभेत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "या गावातले चाळीस पालक माझा नमुना आहेत."

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बनुबाई पदर खोचून उठल्या. "नमुना कुनाला म्हनता, बाई? आमी काय येडे हाय व्हय?"

संशोधनात सगळ्यांऐवजी थोडी माणसं निवडतात, त्यांना नमुना म्हणतात, हे मी तीनदा समजावलं. कुणालाच पटलं नाही. शेवटी मी वैतागून बनुबाईंना म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, घरी नातीचा अभ्यास कसा घेता?"

"मला कुटं वाचता येतं? आमची ज्ञानेश्वरी धडा वाचती, मी भाकरी थापत ऐकते. मदीच इचारते, मग म्होरं काय हुईल गं? तिला सांगता न्हाई आलं, तर परत वाचायला लावते."

तिसरीत ज्ञानेश्वरी एकटीच समजून वाचते. का, ते मी दोन वर्षं शोधत होते, आणि माझ्या बारा पानी प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिसरीचा वाचनाचा तास बनुबाईंच्या चुलीपाशी भरू लागला. महिन्याभराने माझे मार्गदर्शक सर आले. त्यांनी विचारलं, "तुमचा नमुना कुठंय?"

मी काही बोलायच्या आत बनुबाईंनी उलथनं माझ्याकडे रोखलं. "ह्या काय, समोर हुब्या हायत."