गनीची साक्ष

२००९च्या मार्चमध्ये खैरुद्दीनभाई कुबड्यांवर आमच्या ऑफिसात आले. दुबईच्या देरा भागातलं हे ऑफिस एका अमिराती वकिलांचं. मोठ्या कंपन्यांविरुद्ध जखमी कामगारांच्या केसेस लढवायचे. मी तिथे कामगारांचं म्हणणं ऐकून इंग्रजीत लिहायची.

खैरुद्दीनभाई रत्नागिरीकडचे. जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. गाडी बंद करून खाली उतरले होते, तेवढ्यात मालाने भरलेली रॅक कोसळली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीचं म्हणणं, यांनीच गाडी रॅकवर घातली. पुरावा म्हणून यांच्याच सहीचा अरबी कागद.

“हॉस्पिटलात सही घेतली, ताई. इन्शुरन्सचा कागद आहे म्हणाले.”

अपघात पाहणारा एकच माणूस होता, गोदामाचा स्टोअरकीपर गनी. मंदीत त्याची नोकरी गेली होती, शनिवारचं परतीचं तिकीट हातात होतं. आणि कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ साक्षी ऐकणार होते रविवारी; तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्याच्या कामगार-कॅम्पवर गेले. बाहेरच्या बाकावर बसलो.

“मॅडम, कंपनीने अजून माझा हिशेब दिला नाही. तोंड उघडलं तर खलास. घरी पाच माणसं माझ्यावर आहेत.”

मला जोर करवेना. त्याचं नुकसान झालं असतं तर मी कुठून भरून देणार होते? नंबर लिहून दिला आणि उठले.

“भाई कसे आहेत?” त्याने विचारलं.

“नसलेला पाय ठणकतो म्हणतात.”

त्याने मला पुन्हा बसायची खूण केली. मग म्हणाला, “रॅकचा खांब महिनाभर वाकलेला होता. मी सुपरवायझरला दोनदा मेल केले, फोटोसकट. उद्या माझ्यावर येऊ नये म्हणून प्रिंट काढून ठेवली. भाईंना द्यायला हवी होती. नाही दिली.”

“आता द्याल?”

“नुसता कागद दिला तर खोटा म्हणतील. मीच येतो.”

आमच्या वकीलसाहेबांनी धावपळ करून तज्ज्ञांकडून गुरुवारची वेळ मिळवली. गनी आला, पण खैरुद्दीनभाईंकडे बघेना. भाईंनी कुबड्या बाजूला घेतल्या, शेजारची खुर्ची थोपटली. “बस रे.”

कंपनीच्या मॅनेजरसमोर गनीने सगळं सांगितलं. भीती होती तेच झालं, कंपनीने त्याचा हिशेब अडवला. साहेबांनी त्याचीही तक्रार फुकट चालवली. तिकीट वाया गेलं. दोन महिने तो भाईंच्याच खोलीत राहिला आणि शेवटी सगळं वसूल करून गावी गेला.

निकाल लागायला दुसरं वर्ष उजाडलं. मागितली त्यापेक्षा भरपाई कमीच मिळाली, पण दोष कंपनीचा ठरला. मी निकाल मराठीत सांगितला तेव्हा भाई म्हणाले, “हे शहनाझला सांगाल? माझी बायको. दीड वर्ष विचारतेय, तुमचं लक्ष कुठं होतं? मी सांगून थकलो.”

त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी ओळख सांगितली आणि निकालातलं ते वाक्य सावकाश वाचलं : अपघातात चालकाची काहीही चूक नव्हती.

तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग शहनाझ म्हणाली, “त्यांना द्या फोन.”

मी फोन दिला आणि दार ओढून बाहेर आले.