न छापलेल्या बातमीचा खुलासा

माझ्या थोरल्या भावाचा एकच नियम: पेपरात आलं तर खरं, नाही आलं तर गप्पा. सख्खी बहीण पेपरात बातम्या लिहिते, याने त्या नियमाला काडीचाही फरक पडलेला नाही.

सोमवारी मी बातमी लिहिली. गिरणीमागच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळतंय, बावीस जण आजारी आहेत. डॉक्टर स्वतःचं नाव देऊन बोलले होते. पण नव्या कायद्याप्रमाणे घबराट पसरवू शकेल अशी प्रत्येक बातमी आधी तपासणी कार्यालयात जाते. तिथून ती लाल शिक्का घेऊन परत आली: छापू नये. कारणाचा रकाना कोरा. फोन करून विचारलं तर म्हणे, कारण सांगितल्यानेही घबराट पसरते!

दादाच्या घरी त्याच टाकीचं पाणी येतं. घरात त्याची तीन वर्षांची छकुली. मी लगेच फोन केला.

"दादा, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतेय!"

"मग तुझ्याच पेपरात कसं नाही?"

"छापू देत नाहीत रे!"

"खरं असतं तर छापलं असतं. तू ना, लहानपणापासून राईचा पर्वत करतेस."

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी वहिनीला गाठलं, तर ती म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." माझं डोकंच फिरलं.

त्याच दुपारी तपासणी कार्यालयातून पाकीट आलं. आत सरकारी खुलासा: 'गिरणीमागील टाकीत गटाराचे पाणी मिसळत असल्याचे व बावीस जण आजारी असल्याचे वृत्त निराधार आहे.' बातमी तपासायला आली की तिचा खुलासाही तयार करून धाडायचा, अशी तिथली शिस्त. बातमी छापलीच गेली नाही, हे बघणं कुणाच्याच टेबलावर येत नव्हतं. आणि आलेला खुलासा पहिल्या पानावर जसाच्या तसा छापला नाही, तर छापखान्याला टाळं.

संपादकांनी तिथल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, बातमी तुम्हीच अडवलीत. मग खुलासा कशाचा?"

"आलाय ना? मग छापा. कायदा कळत नाही का तुम्हाला?"

संपादकांनी फोन ठेवला आणि ते महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "चौकटीत घे," मला म्हणाले. "चांगला ठळक."

गुरुवारी सकाळी सातला दादाचा फोन.

"अगं, पेपरात आलंय, पाणी चांगलं आहे म्हणून! एवढं ठळक छापलंय म्हणजे नक्की काहीतरी घोळ आहे. सगळी गल्ली पाणी उकळतेय."

"मग तीन दिवस मी काय कंठशोष करत होते?"

"तू म्हणत होतीस गं. पण सरकारने कुठे नाही म्हटलं होतं?"

त्याला चांगलं फैलावर घेणार होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, ती शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगत होती.

"दादा, छकुली कशी आहे?"



"कालपासून जुलाब होतायत तिला," तो म्हणाला. "दवाखान्यात नेतोय."