चारही पर्याय एकमताने

पोल्व्हेनरच्या धक्क्यावर बर्फ विकणाऱ्या माणसाने कुणाची बाजू घेऊ नये. सहा बोटी, सहाही माझी गिऱ्हाइकं; एकाला हो म्हटलं की बाकीच्या पाचांचा बर्फ शेजारच्या बंदरातून यायला लागतो. म्हणून मार्चमधल्या त्या शनिवारी चॅपलच्या सभागृहात मी सगळ्यात मागे, चहाच्या पिंपाशेजारी बसलो होतो. तिथून माणसं नीट दिसतात आणि चहाही गरम मिळतो.

देशाने युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवून पावणेतीन वर्षं होत आली होती, पण बाहेर पडून उभं कुठे राहायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रेडिओवर रोज नवा देश निघायचा. सोमवारी आपण नॉर्वेसारखे होणार असायचो, म्हणजे घर सोडायचं पण पंगत सोडायची नाही. मंगळवारी तुर्कस्तानसारखे, म्हणजे जकात ते ठरवणार आणि वसूल आपण करणार. गुरुवारपर्यंत कॅनडा यायचा, म्हणजे लांब राहून नुसता व्यापाराचा करार करायचा. आणि शनिवारी कुणीतरी ओरडायचं की कुणासारखंच नको, नुसतं बाहेर पडा.

"एवढ्या जणांसारखं व्हायचं," सहांतल्या एका बोटीचा मालक म्हातारा गारफिल्ड म्हणायचा, "मग आपल्यासारखं कोण राहणार?"

पबमधले सगळे यावर माना डोलवायचे. गारफिल्ड नक्की कोणत्या बाजूचा हे त्यांना कळलेलं नसायचं. गारफिल्डलाही नसावं.

हेडली नॅनकॅरोचं मात्र मान डोलवून भागणार नव्हतं. त्याची बोट जगायची ती लांब पायांच्या काटेरी खेकड्यावर. हा खेकडा आमच्याकडे कुणी ताटात घेत नाही. तो खातात स्पेनमध्ये, आणि तोही जिवंत हवा. त्यासाठी गॅलिसियाहून आन्शो नावाचा व्यापारी पाण्याच्या टाक्यांचा ट्रक घेऊन समुद्र ओलांडून आमच्या धक्क्यावर येतो. ट्रक भरायला सहाही बोटींचा माल लागतो. एकट्या हेडलीच्या मालाने एक टाकीसुद्धा भरत नाही. इतर पाचांकडे खेकड्याखेरीज बांगडा आहे, लॉबस्टर आहे. हेडलीकडे खेकडाच.

आन्शोने आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. देश बाहेर पडला की प्रत्येक खेपेला जनावरांच्या डॉक्टरचा शिक्का लागेल, त्याचा खर्च येईल, वेळ जाईल. "सहा जणांनी मिळून एक काय ते सांगा. शनिवारपर्यंत. नाहीतर मी आयर्लंडला जातो, ते कुठे बाहेर पडताहेत?" ट्रक गेला की हेडलीची बोट विकायला निघणार, हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

तर सभा. खुर्चीत ट्रेगियरबाई. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे कान त्यांनी स्वतः पिळलेले. शेवटच्या रांगेत आन्शो, मांडीवर टोपी.

पहिला उठला क्लेमो, हेडलीचा लहानपणापासूनचा दोस्त. स्वतःच्या फायद्याचं स्वतः मांडणं आमच्याकडे शोभत नाही, म्हणून हेडलीचं म्हणणं क्लेमोने मांडलं: ट्रक येऊ द्या, डॉक्टरचा खर्च सहांनी वाटून घ्या.

"अनुकूल?" ट्रेगियरबाईंनी विचारलं.

सगळे हात वर. हेडलीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, चहा संपायच्या आत काम झालं.

मग जॉरी उठला. तो म्हणाला, ट्रकची वाट कशाला बघायची, आपल्याच बोटी पलीकडे फ्रान्सच्या बंदरात नेऊ आणि तिथेच माल उतरवू. अनुकूल? सगळे हात वर. मासे तळून विकणारी टॅबिथा म्हणाली, परदेशी पाठवायचंच कशाला, आपल्याच लोकांना हा खेकडा खायला शिकवू. सगळे हात वर. माझासुद्धा, कारण टॅबिथाच्या दुकानात माझा बर्फ जातो. शेवटी गारफिल्ड म्हणाला, काहीच करू नये, लंडनचं काय ठरतंय ते बघावं. याला तर काहींनी दोन्ही हात वर केले.

"चारही पर्याय एकमताने मंजूर," ट्रेगियरबाईंनी जाहीर केलं, आणि केक कापायला सुरी मागवली.

आन्शो उभा राहिला. "बाई, माफ करा. मी ट्रक आणायचा की नाही?"

"मंजूर झालाय की."

"पण बोटी फ्रान्सला जाणार?"

"तेही मंजूर झालंय."

"मग खेकडे इथे कोण खाणार?"

"हे बघा मिस्टर आन्शो," बाई त्याला पोरासारखं समजावत म्हणाल्या, "आमच्या सभागृहात आजपर्यंत कुणाचा ठराव पडलेला नाही."

यात खोटं काही नव्हतं. माणूस समोर उभा असताना हात खाली ठेवायचा म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. संघात राहावं की नाही, यावर मतदानाआधी याच सभागृहात चर्चा झाली होती. पाद्रीबुवा राहण्याच्या बाजूचे, म्हणून सगळ्यांनी राहण्यासाठी हात वर केले होते. मग पेट्या उघडल्या, आणि आमच्या भागाने निघायचं ठरवलेलं निघालं. पाद्रीबुवांना अजून कळलेलं नाही की ते लोक होते कोण. हेडली त्यांतलाच एक. समुद्र आपला होईल एवढंच त्याने ऐकलं होतं. खेकड्याला शिक्का लागेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"विरुद्ध कोण, ते विचारा ना," आन्शो म्हणाला.

सुरी केकमध्येच थांबली. विरुद्ध कोण, असं त्या छपराखाली कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"तशी पद्धत नाही," ट्रेगियरबाई म्हणाल्या. पण पाहुण्याचा शब्द मोडणंही बरं दिसेना. "ठीक. जॉरीच्या ठरावाविरुद्ध कुणी आहे का?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. जॉरी हेडलीच्या शेजारीच. बोटी फ्रान्सला गेल्या तर ट्रक येणार नाही, आणि हेडलीची जुनी बोट काही खाडी ओलांडून पलीकडे पोचायची नाही. शेवटी त्याने हात वर केला, पण तो इतका थोडा की वाटावं कानामागे खाजवतोय.

"हेडली?" जॉरी म्हणाला. "मागच्या वर्षी तुझं इंजिन बंद पडलं तेव्हा ओढून कुणी आणलं?"

"तसं नाही रे..."

"मग मीही ट्रकच्या विरुद्ध!" जॉरीने हात असा ताणून वर केला की टांगलेला दिवाच हलला.

"मग मी फ्रान्सच्या विरुद्ध," क्लेमो म्हणाला.

"आणि माझा खेकडा?" टॅबिथाने विचारलं.

"तो तर कुणीच खात नाही गं बाई!" मागून कार्व्होसो भाऊ एकदम म्हणाले. या दोघांच्या दोन बोटी, पण मत नेहमी एकच.

बांध फुटला. पाच मिनिटांत चारही पर्याय पडले, तेही एकमताने. गारफिल्डने तर स्वतःच्या ठरावाविरुद्धही हात वर केला. सगळे करत होते तर आपण मागे का, असं त्याला वाटलं असावं. ट्रेगियरबाई खुर्चीत बसल्या आणि केक तसाच राहिला. हेडली भिंतीला टेकून होता. जत्रेत आई हरवलेलं पोर दिसतं तसा.

मी उठून बाहेर आलो. आन्शोचा ट्रक चॅपलच्या मागे उभा होता, आणि टाक्यांभोवती बर्फाच्या बंद पिशव्या रचायचं काम माझं. शिडीवर चढून मी पिशव्या लावत होतो. खाली केबिनच्या खिडकीत आन्शो पावात सॉसेज घालून खात बसला होता.

पहिला आला क्लेमो. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आन्शो, बाकीचे काय म्हणाले?"

आन्शोने घास गिळला. "ट्रकला हो म्हणाले. खर्च सहांत."

"हेडली धरून?"

"धरून."

"मग माझंही हो. माझ्यामुळे अडायला नको."

तो गेला आणि जॉरी आला. "बाकीच्यांचं काय?" तेच उत्तर. जॉरीने जरा नाक फुगवलं, पण म्हणाला, "सगळ्यांचं असेल तर मी कशाला आडवा येऊ?" कार्व्होसो भाऊ आले, वेगवेगळे, आणि दोघांनी एकमेकांचं काय ते आधी विचारलं. गारफिल्ड म्हणाला की आपण तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

हेडली सगळ्यांत शेवटी आला. सकाळपासून याच उत्तरासाठी तळमळणारा माणूस खिडकीशी पोचला आणि म्हणाला, "बाकीचे काय म्हणाले?"

"पाचही जण ट्रकला हो म्हणाले."

"खरंच? का?"

"कारण बाकीचे पाच हो म्हणालेत, असं मी प्रत्येकाला सांगितलं."

हेडली बोटांवर हिशेब करायला लागला. "म्हणजे क्लेमो हो म्हणाला कारण मी हो म्हणालो. पण मी तर..."

"तू अजून म्हणायचा आहेस."

"मग ते खोटं झालं की."

"तू म्हणेपर्यंत," आन्शो म्हणाला. "माझी फेरीबोट सहाला सुटते, हेडली. म्हण आता."

हेडलीने चॅपलकडे पाहिलं. मग धक्क्याकडे. "जॉरीला वाईट नाही ना वाटलं?"

"हेडली!"

"बरं, सगळेच म्हणताहेत तर... हो." तो इतक्या हळू म्हणाला की आन्शोने ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग ट्रक चालू झाला. पुढच्या शुक्रवारी येतो, असं सांगून आन्शो गेला. मी शिडीसकट बाजूला झालो.

सोमवारी बोटी निघायच्या वेळी जॉरी हेडलीजवळ आला. राग ओसरला होता. "बरं केलंस, तू आधी हो म्हणालास. तुझ्याकडे बघूनच मी म्हणालो."

"अरे, मी शेवटी म्हणालो."

"हो हो, कळलं," जॉरीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या बोटीवर चढला.

हेडली हातात दोर धरून तसाच उभा राहिला. "क्लेमो," त्याने शेजारच्या बोटीला हाक मारली, "मग पहिल्यांदा हो म्हणालं कोण?"

क्लेमोने इंजिन सुरू केलं. "तूच की रे!" तो ओरडला, आणि आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.