मधल्या नावाची खुर्ची

“जोड लागली जोड, मातीला लागली ओढ. उजव्या हाताला सर्जेराव किसन काळोखे, डाव्या हाताला दगडू महिपत गुंजाळ.” लहानपणी जत्रेच्या फडावर कर्ण्यातून हा आवाज यायचा आणि मी आईच्या मांडीवरून शेजारणींना सांगायचे, हे माझे आबा. आबा कुस्त्यांचा पुकारा करत. पैलवान केवढाही असो, मधे बापाचं नाव घेतल्याशिवाय ते त्याला मातीत उतरू देत नसत.

परदेशातल्या विद्यापीठात माझा पहिला तास सोमवारी सकाळी होता. मी वर्गात गेले तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत आबा बसलेले होते. विमानाचं तिकीट माझं एकटीचं होतं. पण अर्जावर मी नाव पूर्ण लिहिलं होतं, वैजयंती रखमाजी बोऱ्हाडे. रखमाजी म्हणजे आबा. त्यामुळे ते आले होते. धुतलेला नेहरू शर्ट, टोपी, पायांत वहाणा.

“कधी आलात?” मी विचारलं.

“तुझ्यासंगंच की. तू खिडकीपाशी, मी आपला मधी.”

ध्वनिशास्त्राचा तास होता. आवाज भिंतीवर आपटून परत कसा येतो, हे प्राध्यापक सांगत होते. आबांनी मान तिरकी करून ऐकलं. “मास्तर हुशार हाय,” ते म्हणाले, “पण आवाज पोटातनं काढत न्हाई. मागच्यांनी काय ऐकायचं?” पुढच्या बाकावरच्या मुलीनं वळून त्यांना एक पेन्सिल दिली. आबांनी ती कानावर खोचली.

दुपारी मला नोंदणी कचेरीत बोलावलं. तिथं लिंडबाई नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी माझा अर्ज उजेडासमोर धरला.

“अर्ज एकीचा आहे आणि नावात माणसं दोन,” त्या म्हणाल्या. “इथं एका नावाला एक खुर्ची मिळते. गुरुवारी स्वागत समारंभ आहे. त्याआधी मधलं नाव काढ, नाहीतर तुझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल.”

“काढलं तर ते कुठं जातील?”

लिंडबाईंनी तीन खण उघडून पाहिले. “त्याला रकाना नाही,” त्या म्हणाल्या, आणि अर्जासोबत मला एक खोडरबर दिला.

मंगळवारी सकाळी एका नावापुरत्या माझ्या खोलीच्या भिंती दोन-दोन वितींनी आत आल्या होत्या. टेबल पलंगाला टेकलं होतं. मी आईला फोन केला.

“आबा घरी आहेत का?”

“खुर्चीवर सदरा हाय, टोपी हाय. आत कुणी न्हाई. च्या ठिवला की गार हुतो.” आईनं विचारलं, “तिथलं पाणी सोसतंय का त्यांना?”

“सोसतंय.”

“मग राहू दे दोन दिस. इथं तरी काय, त्यांचं तुझंच गुणगान चालू असतं. माझ्यापाशी. बाहेर एक शब्द न्हाई.”

ते खरं होतं. दहावीला मी तालुक्यात पहिली आले, तेव्हा बक्षीस समारंभाचा माईक आबांच्याच हातात होता. त्यांनी एकवीस नावं घेतली. माझं आलं तेव्हा माईक गुरुजींना दिला आणि मंडपामागं निघून गेले. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्याच दुपारी दोन तासांच्या मधल्या वेळात मी आबांना विद्यापीठ दाखवलं. लांब दालनात थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या. आबा एकेकीपुढं थांबत, मला नाव वाचायला लावत आणि पुढं जात. शेवटच्या तसबिरीपाशी त्यांनी मान हलवली.

“एकाच्याबी मधी बाप न्हाई. सगळी पोरकीच का गं ही?”

मला हसू आलं. काठीसारखे ताठ चालत होते ते, फडावर चालत तसे. आणि त्यांच्या वहाणांचा आवाज त्या दगडी दालनात असा घुमत होता की दाराशी उभी असलेली मुलं बाजूला होऊन वाट देत होती.

बुधवारी सकाळी खोलीत बसायला जागा उरली नव्हती. आबा भिंतीला पाठ लावून उभे होते. मी अर्ज काढला आणि मधलं नाव एका कडेनं जरासं खोडून पाहिलं. आबांची टोपी फिकी झाली. तिच्यातून मागची भिंत दिसू लागली.

“डोक्याला गार लागलं,” ते म्हणाले.

मी पेन घेऊन नाव पुन्हा गडद केलं. त्यांनी टोपी चाचपली आणि ते माझ्या हातातल्या खोडरबराकडं पाहत राहिले.

“जागा गेली तर परत मिळत न्हाई ना?”

“नाही.”

“मग खोड की. मी काय, हितं पाव्हणा.”

मी खोडलं नाही.

गुरुवारी दहा वाजता सभागृह भरलं. लिंडबाई मंचावरून एकेक नाव वाचत होत्या. नाव वाचलं की त्या मुलाची खुर्ची जमिनीत पक्की होई. माझ्या नावापाशी त्यांचं तोंड उघडं राहिलं. मधला शब्द त्यांच्या घशातून बाहेर येईना. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी यादी पुढं केली.

“या नावातल्या कुणीतरी वाचा,” त्या म्हणाल्या. “जेवढं वाचाल तेवढंच राहील.”

मी उठायच्या आत आबा मंचावर पोचले होते. त्यांनी माईक हातात घेतला, बोटानं ठोकला, फुंकर मारली.

“कुमारी वैजयंती बोऱ्हाडे,” त्यांनी खणखणीत पुकारा केला.

माझ्या खुर्चीचे पाय जमिनीत रुतले. शेजारची आबांची रिकामी खुर्ची आपोआप मिटू लागली. मी तिची पाठ दोन्ही हातांनी धरली, गुडघा लावला. ती मिटतच होती. लिंडबाईंनी माईकसाठी हात पुढं केला.

आबांनी माईक सोडला नाही.

“अजून हाय,” ते म्हणाले. मंचावरची त्यांची सावली पातळ झाली होती आणि कर्ण्यातला आवाज थरथरत होता. “पोरी, दुनियेची नावं घेतली मी. तुझं घेताना गळा भरून येतो, म्हणून न्हाई घेतलं. मधी रखमाजी. मी ह्या पोरीचा बाप हाय.”